ब्लॅक टँकचा फ्लश बिघडला तर: पाणी कुठे अडतंय ते आधी शोधा

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्हींना, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांना, ड्रायव्हरच्या बाजूला पाण्याच्या जोडण्यांचा एक खण असतो. त्यात पाऊण इंची आट्यांची दोन तोंडं शेजारी शेजारी असतात आणि दिसायला जुळी असतात. एकावर ‘सिटी वॉटर’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘ब्लॅक टँक फ्लश’, म्हणजे टॉयलेटच्या मैल्याची टाकी आतून धुण्याचं तोंड. चार उन्हाळे झाले की स्टिकर उडतात. मग रात्री दहाला कॅम्पग्राउंडवर पोचलेला माणूस पिण्याच्या पाण्याची होज नेमकी दुसऱ्या तोंडाला लावतो, आत नळाला पाणी का येत नाही म्हणून पंप तपासत बसतो, आणि तेवढ्या वेळात मैल्याची टाकी भरत जाते. म्हणून हातात पाना घेण्याआधी फ्लशच्या तोंडाला झाकण लावा आणि झाकणावर लाल टेप गुंडाळा. भाड्याची आरव्ही असेल तर ताब्यात घेतानाच दोन्ही तोंडांचे फोटो काढून ठेवा.

आता आत काय असतं ते बघू. पाणी आत शिरताना आधी एका चेक व्हॉल्व्हमधून जातं. हा व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने सोडतो. तिथून साधारण अर्धा इंची नळी भिंतीच्या आतून वर चढते, टॉयलेटच्या काठापेक्षाही वर, व्हॅक्यूम ब्रेकरपर्यंत. मग तीच नळी उलटी खाली उतरते आणि टाकीच्या कुशीत बसवलेल्या नोझलला मिळते. सरळ खालून टाकीत जायचं सोडून पाण्याला हा द्राविडी प्राणायाम का? कॅम्पग्राउंडच्या मुख्य लाइनचा दाब अचानक पडला, तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून. ब्रेकरमध्ये एक हलकी तबकडी असते. पाण्याचा जोर आला की ती वर उचलली जाते आणि हवेचं भोक झाकते. जोर गेला की ती खाली पडते, हवा आत येते आणि ओढ तिथेच तुटते.

बहुतेक बिघाड या चार जागांपैकी एकीत सापडतो: होज, चेक व्हॉल्व्ह, ब्रेकर, नोझल. पाचवी शक्यता अशी की यंत्रणा ठणठणीत असते आणि टाकीत पाणीच कमी वापरलेलं असतं. ही पाचवी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळा खरी ठरते.

सुरुवातीची तयारी

टाकी धुवायची होज वेगळी हवी. पिण्याची होज बहुधा पांढरी किंवा निळी असते, म्हणून ही राखाडी किंवा काळी घ्या आणि वेगळ्या डब्यात ठेवा. नळाच्या तोंडाशी बॅकफ्लो प्रिव्हेंटर (पाणी उलटं जाऊ न देणारा जोड) लावा, आतला ब्रेकर धड असला तरी. दाब ४० ते ५० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास ठेवणारा रेग्युलेटर बहुतेक गाड्यांना चालतो, पण तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात कमाल दाब दिला असेल तर तोच पाळा. रबरी हातमोजे आणि चष्मा विसरू नका. टाकीतला मैला गटारात सोडायच्या सीवर होजच्या गाडीकडच्या टोकाला पारदर्शक एल्बो (काटकोनी जोड) लावला असेल तर निम्मं निदान डोळ्यांनीच होतं.

नेहमीचा क्रम असा:

१. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या. कमी भरलेली टाकी सोडली तर जोर मिळत नाही. पाणी निघून जातं, घट्ट माल मागे राहतो.
२. सीवर होज लावा, आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा, टाकी रिकामी होऊ द्या. ग्रे टँक (बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) सगळ्यात शेवटी, म्हणजे साबणाच्या पाण्याने होजही विसळली जाते.
३. ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून फ्लश दोन-तीन मिनिटं चालवा.
४. व्हॉल्व्ह बंद करा, मोबाइलवर ५ मिनिटांचा गजर लावा आणि फ्लश चालू ठेवा.
५. गजर वाजला की फ्लशचा नळ बंद करून व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडा. एल्बोत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ४ आणि ५ परत करा.
६. शेवटी व्हॉल्व्ह बंद करून टॉयलेटमधून ३-४ गॅलन पाणी आणि टाकीचं औषध टाका. टाकी कोरडी ठेवायची नाही.

चौथ्या पायरीला जागा सोडायची नाही, आणि यात सूट नाही. बहुतेक नोझलमधून मिनिटाला २ ते ३ गॅलन पाणी येतं. ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची टाकी १३ ते २० मिनिटांत काठोकाठ भरते. त्यानंतर पाण्याला दोनच वाटा: छतावरचा व्हेंट पाइप (टाकीतली हवा बाहेर सोडणारा) किंवा टॉयलेट. त्या पाण्यात काय असतं हे सांगायला नको. टाकी फुगून सांधे सुटणं हा त्याच्याही पुढचा अंक. ‘शेजाऱ्यांशी दोन मिनिटं बोलून येतो’ म्हणून गेलेल्यांच्या कारपेटची हळहळ दर मोसमात ऐकू येते. होजला लावायचा छोटा डिजिटल वॉटर मीटर मिळतो. किती गॅलन आत गेले ते तो दाखवतो. या कामासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती ही.

पाणी आतच जात नाही

आधी बादली. फ्लशची होज रेग्युलेटरसकट ५ गॅलनच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. एक-दीड मिनिटात बादली भरली तर बाहेरचं सगळं ठीक आहे. तीन मिनिटांहून जास्त लागली तर दोष नळाचा, रेग्युलेटरचा किंवा होजच्या टोकाच्या जाळीवाल्या वॉशरचा. त्या जाळीत वाळू बसते. काढून नळाखाली धरली की झालं.

बादली नीट भरते, पण गाडीला जोडल्यावर होज काठीसारखी ताठ होते आणि आतून आवाज येत नाही, असं असेल तर अडथळा गाडीत आहे. कोणाला तरी बाथरूममध्ये पाठवा. टॉयलेटजवळच्या जमिनीला कान लावला की चालू नोझलचा फवारा टाकीच्या भिंतीवर आपटताना स्पष्ट ऐकू येतो. फिरणारं नोझल असेल तर आवाज लयीत येतो, सर्र-सर्र. नुसतीच धार पडल्यासारखा आवाज आला तर नोझल फुटलंय किंवा अर्धं चोंदलंय. काहीच आवाज नसेल तर बाहेरच्या तोंडापासून सुरुवात करा.

बाहेरच्या तोंडातला चेक व्हॉल्व्ह क्षार बसून बंद स्थितीतच अडकतो. होज काढा, टॉर्च मारा. आतली प्लास्टिकची टोपी पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकी दाबून पाहा. ती स्प्रिंगवर आत जाऊन परत आली पाहिजे. हलत नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेली चिंधी तासभर तोंडात कोंबून ठेवा आणि पुन्हा दाबा. तरी नाही हलली तर तोंडच बदलायचं. मागून नळी सोडवली, चार स्क्रू काढले की ते बाहेर येतं.

बाथरूममध्ये पाणी गळतंय

फ्लश चालू केल्यावर बेसिनखालच्या कपाटातून पाणी येणं, शॉवरमागची भिंत ओली होणं किंवा गाडीच्या पोटाखालचं काळं प्लास्टिकचं आवरण पोट सुटल्यासारखं लोंबणं, यांतलं काहीही दिसलं तर नळ ताबडतोब बंद करा. संशयित पहिला: व्हॅक्यूम ब्रेकर.

फ्लश सुरू करताना आणि थांबवताना ब्रेकरमधून चमचाभर पाणी उडणं हा बिघाड नव्हे. तबकडी वर-खाली होताना तेवढं सुटतंच. सतत धार लागली तर मात्र बघावं लागेल. त्यातही आधी फुकटचा उपाय करा. नळ अगदी बारीक सोडला असेल तर तबकडी उचलली जाण्याइतका जोर मिळतच नाही आणि पाणी हवेच्या भोकातून बाहेर पडत राहतं. घाबरून नळ आणखी बारीक केला की गळती आणखी वाढते. रेग्युलेटर लावून नळ पूर्ण उघडा. गळती थांबली तर दुखणं तेवढंच होतं.

थांबली नाही तर ब्रेकर शोधा. तो बेसिनखालच्या कपाटातल्या मागच्या फळीआड, शॉवरच्या भिंतीमागे किंवा शेजारच्या कपड्यांच्या कपाटात असतो. दोन नळ्या शेजारी शेजारी वर चढून जिथे उलट्या ‘यू’सारख्या मिळतात, तिथे माथ्यावर टोपी असलेला प्लास्टिकचा तुकडा दिसेल. होज काढा, खाली टॉवेल घाला, फोटो घ्या. टोपी शक्यतो हातानेच फिरवा. आतली तबकडी उचलून पाहा: कडेला पांढरा पोपडा, वाळूचा कण किंवा चिरलेला रबरी वॉशर, यांपैकी काहीतरी सापडतंच. पोपडा असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. ब्रेकरचं अंगच तडकलं असेल तर चिकटवाचिकटवी करू नका. ही तडक बहुधा थंडीत आत राहिलेल्या पाण्याने पडलेली असते आणि दाबाखाली ती पुन्हा उघडते. त्याच मापाचा नवा घ्या, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या, हाताने घट्ट करा आणि मग पान्याने फार तर पाव ते अर्धा फेरा. प्लास्टिकचे आटे जास्त आवळले की गेले.

ब्रेकर काढून टाकून दोन्ही नळ्या साध्या जोडाने जोडून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. गळती थांबते, हे खरं. पण मग मैल्याची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची लाइन यांच्यामध्ये उरतो तो एक स्वस्तातला चेक व्हॉल्व्ह, आणि तो किती सहज अडकतो ते वर आलंच आहे. हे करू नका.

ब्रेकर नवा टाकूनही गळत असेल तर खालचं नोझल चोंदलेलं असण्याची शक्यता मोठी. पाण्याला पुढे वाट नसली की सगळा ताण मागे येतो.

चोंदलेलं नोझल

नोझलची भोकं दोन कारणांनी बुजतात: जड पाण्याचे क्षार आणि वाळलेला कागद. ॲरिझोना किंवा टेक्सससारख्या जड पाण्याच्या भागात पहिलं कारण जास्त.

व्हिनेगर बाहेरच्या तोंडातून ओतून उपयोग नाही, कारण नळी आधी ब्रेकरपर्यंत वर चढते. तिथवर ते पोचणारच नाही. ब्रेकरनंतरची, म्हणजे खाली टाकीकडे जाणारी नळी सोडवा, तिच्यात छोटं नरसाळं बसवा आणि साधं पांढरं, ५ टक्क्यांचं व्हिनेगर अर्धा लिटर हळूहळू ओता. पातळी बघत राहा. भराभर खाली गेलं तर नोझल फारसं बुजलेलं नाही. नळीत उभंच राहिलं तर पूर्ण बुजलंय; रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी नळी जोडा, ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा, सीवर होज लावलेलीच असू द्या आणि फ्लश ५ मिनिटं पूर्ण जोरात चालवा. दोन रात्री हे करूनही आवाज आला नाही, तर नोझल बदलायचं.

ते काम घाणीचं आहे, पण अवघड नाही. टाकी रिकामी करून टॉयलेटमधून बादल्या ओतून दोनदा विसळा. खालचं आवरण सोडवा, नोझलचे स्क्रू काढा, जुनं सील खरवडून काढा. इथे टाकी कशाची आहे ते बघणं गरजेचं. पॉलिथिलीनच्या टाकीला नेहमीचा गोंद किंवा सिलिकॉन नीट धरत नाही. तिथे भिस्त गास्केटवर आणि सारख्या आवळलेल्या स्क्रूंवर. एबीएसच्या टाकीला एबीएसचं सिमेंट चालतं. बसवल्यावर टाकी अर्धी भरून तासभर थांबा, मगच आवरण लावा.

फ्लश चालतो, तरी टाकी साफ होत नाही

नोझल फक्त समोरचं धुतं. कोपऱ्यापर्यंत त्याचा फवारा पोचत नाही आणि वाळलेला ढीग तर त्याने मुळीच फुटत नाही. टाकी साफ करतं ते मुरलेलं पाणी.

ढीग होतो तो एका सवयीने. फुल हुकअपची, म्हणजे पाणी, वीज आणि सीवर तिन्ही जोडता येणारी जागा मिळाली की लोक ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, घरच्यासारखं. पातळ वाहून जातं, घट्ट आणि कागद बरोबर टॉयलेटखाली साचत जातं आणि त्याचा शंकू होतो. अमेरिकन मंडळींनी त्याला ‘पूप पिरॅमिड’ असं नावच देऊन टाकलंय. टॉयलेटच्या भोकातून टॉर्च मारली की शिखर दिसतं.

उपाय वेळखाऊ आहे. व्हॉल्व्ह बंद करा. टॉयलेटमधून पाणी ओतून टाकी तीन चतुर्थांश भरा, एन्झाइमचं औषध बाटलीवरच्या मापाने घाला आणि एक ते तीन दिवस मुरू द्या. शक्य असेल तर त्या अवस्थेत गाडी थोडी चालवा. वळणावर पाणी हिंदकळतं, तेच काम करतं. ४० गॅलनच्या टाकीत ३० गॅलन म्हणजे ११४ किलोच्या आसपास वजन वाढतं, म्हणून गाडीची वजनमर्यादा आधी बघा. मग डंप, म्हणजे टाकी रिकामी करणं, मग फ्लश, आणि गरज पडली तर पुन्हा पहिल्यापासून. ढीग टॉयलेटच्या गळ्याशी आला असेल तर आधी गरम, पण उकळतं नव्हे, असं पाणी ओता आणि वाट बघा. लोखंडी सळई किंवा प्लंबरची तार घालू नका; टाकीची भिंत पातळ असते आणि बाजूचे सेन्सर ठोकर बसली की जातात.

बर्फाचे खडे टाकून गाडी चालवायचा उपाय फार प्रसिद्ध आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि विरघळतो. तळाशी चिकटलेलं घासायला तो खाली जातच नाही. जे काय होतं ते हिंदकळणाऱ्या पाण्यामुळे. ब्लीच तर नकोच: लघवीतल्या अमोनियाशी आणि इतर रसायनांशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो, शिवाय औषधातले उपयोगी जिवाणू मरतात आणि रबरी सील वाळतात.

या बाबतीत आपली सवय मात्र कामाची. कागदाऐवजी पाणी वापरणाऱ्या घरांत टाकीत कागद कमी आणि पाणी जास्त जातं, म्हणजे टाकीला हवं तेच. फक्त हुकअप नसलेल्या ठिकाणी टाकी लवकर भरते, तेवढा हिशेब ठेवा. कागद वापरत असाल तर काचेच्या बरणीत पाणी घेऊन दोन-तीन चौकोन टाका आणि हलवा. अर्ध्या मिनिटात लगदा झाला तर चालेल, अखंड राहिला तर नाही. ‘फ्लशेबल’ लिहिलेले वाइप्स या परीक्षेत नापास होतात. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना पेडल एकदा दाखवा: अर्धं दाबलं की भांड्यात पाणी, पूर्ण दाबलं की झडप उघडते. आधी पाणी भरायचं, मग वापर.

टॉयलेटमधून गुडगुड

फ्लश चालू असताना टॉयलेटच्या भांड्यात बुडबुडे आले तर टाकी एकतर भरत आलीय किंवा व्हेंट तुंबलाय. नळ बंद करून टाकी सोडा. रिकाम्या टाकीवरही गुडगुड झाली तर छतावरच्या व्हेंटची टोपी काढून बघा. गांधीलमाशीचं पोळं किंवा पक्ष्याचं घरटं निघणं नेहमीचं. वरून बागेच्या होजने पाणी सोडलं की बहुधा मोकळा होतो.

टाकी रिकामी असून पॅनेल ‘दोन तृतीयांश’ दाखवत असेल तर सेन्सरवर कागद चिकटलाय. भिजवून दोनदा फ्लश केल्यावर सुटला तर सुटला. नाहीतर मीटरवर आणि टॉर्चवर विश्वास ठेवायचा. टाकीला बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात, त्यांना हा त्रास नसतो.

ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद असून बाहेरच्या आउटलेटची टोपी काढताच पाणी ठिबकत असेल तर गेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या सरकत्या पात्याच्या, खाचेत कागद अडकलाय. टाकी भरून व्हॉल्व्ह चार-पाच वेळा सपासप उघड-बंद करा, अर्थात सीवर होज लावून. तरी ठिबकलं तर सील बदला: टाकी रिकामी, चार बोल्ट, दोन रबरी सील. तोवर टोकाला पिळून बसवायचा दुसरा गेट व्हॉल्व्ह लावून ठेवा. पहिली टोपी काढताना बुटांवर काय सांडेल याची चिंता मिटते.

मुळात फ्लशच नसेल तर

बाथरूमच्या खिडकीतून होज घेऊन टॉयलेटमधून घालायची फिरत्या तोंडाची कांडी मिळते. टॉयलेट टाकीच्या थेट वर असेल तरच ती चालते. मॅसरेटरच्या, म्हणजे मैला दळून पुढे ढकलणाऱ्या टॉयलेटला नाही. दुसरा पर्याय आउटलेटला लावायचा उलट्या फवाऱ्याचा एल्बो. त्याला स्वतःचा गेट आणि बॅकफ्लो प्रिव्हेंटर हवा. यातही पाणी मोजूनच आत सोडायचं.

हिवाळ्याआधी

गाडी मिशिगन-मिनेसोटात उभी राहणार असेल तर फ्लशची लाइन विसरू नका. नळ, हीटर, पंप सगळं कोरडं करून हीच राहून जाते. ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून फ्लशच्या तोंडातून ३० पीएसआयच्या आसपास हवा सोडा, नोझलमधून नुसती हवा येईपर्यंत. हवा वापरायची नसेल तर गुलाबी रंगाचं, प्रोपिलीन ग्लायकोलचं आरव्ही अँटिफ्रीझ हातपंपाने ढकला. मोटारीच्या रेडिएटरचं कधीही नाही, ते विषारी असतं.

वसंतात गाडी बाहेर काढल्यावर पहिल्याच प्रवासात डंप स्टेशनवर फ्लश लावू नका. घराच्या अंगणात, रिकाम्या टाकीवर, व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन मिनिटं चालवा. तेव्हा एक जण ब्रेकरच्या कपाटाशी कोरडा टिश्यू पेपर धरून बसला पाहिजे. तडक गेली असेल तर त्या कागदावर पहिला थेंब दिसतो. टाकीत गेलेलं ते ४-६ गॅलन पाणी पुढच्या डंपपर्यंत आत राहिलं तरी चालतं.